सोसायटीच्या एसटीपीच्या पाण्यात शेवाळ वाढवायचंय? मग आधी हे वाचा

पाणी हिरवं करणं अवघड नाही. मुंबईत बादलीभर पाणी उन्हात ठेवून विसरून गेलात तरी थोड्या दिवसांत ते आपोआप हिरवं होतं. अवघड काय आहे, तर आपल्याला हवं तेच शेवाळ टिकवणं आणि नंतर ते पाण्यातून बाहेर काढणं. बहुतेक व्हिडिओ हिरवीगार बरणी दाखवून संपतात आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी मुलुंडला राहते. आमच्या कॉम्प्लेक्सला एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, आहे, त्यातलं ट्रीटेड पाणी फ्लशला आणि बागेला जातं आणि उरलेलं सरळ गटारात. या पाण्यात घाण जवळजवळ नसते, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर शिल्लक असतो, आणि हेच दोन पदार्थ पुढे तलावात-खाडीत जाऊन नको तिथे शेवाळ आणि जलपर्णी माजवतात. तेच शेवाळ आपण टाकीत वाढवून आधीच काढून घेतलं तर? एवढीच कल्पना आहे, आणि ती नवी अजिबात नाही. कॅलिफोर्नियात बर्कलेला विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात यावर काम केलं, आज जगभर जे उथळ, पाणी गोल फिरवत ठेवणारे शेवाळाचे तलाव दिसतात ते त्याच कामातून आलेत.

१. आधी हिशोब करा, मग उत्साह

हे पहिलं लिहितेय कारण लोक थेट बायोडिझेलची स्वप्नं बघत येतात.

शेवाळाच्या कोरड्या वजनात साधारण ६ ते १० टक्के नायट्रोजन असतो. समजा तुमच्या ट्रीटेड पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅम नायट्रोजन शिल्लक आहे, आणि शेवाळात ७ टक्के धरला, तर एका लिटरमधून जास्तीत जास्त ४३० मिलिग्रॅम कोरडं शेवाळ निघेल. अर्धा ग्रॅमसुद्धा नाही! ५०० लिटरच्या टाकीतून सगळं सुरळीत झालं तर दोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि काढताना जे वाया जातं ते धरलं तर दीडशे ग्रॅम म्हणा. त्यात २० टक्के तेल धरलं तरी ३० ग्रॅम, म्हणजे दोन चमचे. ते काढायला लागणारं सॉल्व्हंट त्याहून महाग.

कार्बनचंही तेच. एक किलो कोरडं शेवाळ तयार होताना साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड ओढला जातो. आपल्या दीडशे ग्रॅमला पाव किलोच्या थोडं वर. आणि स्कूटरमध्ये एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो बाहेर पडतो. म्हणजे एक लिटर पेट्रोल फेडायला अशा आठ-नऊ खेपा. तेव्हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये "आपण कार्बन न्यूट्रल होणार" वगैरे बोलू नका, एखादे काका कॅल्क्युलेटर काढतात.

आणि जागा. अशा तलावाची खोली फार तर ३० सेंटीमीटर ठेवता येते कारण त्याखाली ऊन पोचतच नाही, आणि पाणी त्यात पाचेक दिवस राहायला लागतं. महापालिकेच्या सात नव्या सांडपाणी केंद्रांची, म्हणजे वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप यांची, मिळून ठरलेली क्षमता आहे दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. एवढं पाणी या पद्धतीने शेवाळाकडून साफ करून घ्यायचं तर तलावच लागतील ४१ चौरस किलोमीटरचे. आपलं बोरिवलीचं नॅशनल पार्क १०३-१०४ चौरस किलोमीटर आहे, त्याच्या चाळीस टक्के! मुंबईत एवढी जागा कोण देणार. १०० केएलडीच्या, म्हणजे दिवसाला एक लाख लिटर सांडपाण्याच्या, सोसायटीलासुद्धा साडेसोळाशे चौरस मीटर लागतात, म्हणजे गच्ची कमीच पडते.

मग करायचं कशाला? शिकायला, कॉलेजच्या प्रोजेक्टला, बागेला खत म्हणून, आणि आपल्या एसटीपीचं पाणी खरंच कसं आहे ते कळायला. हे शेवटचं कारण मला सगळ्यात पटतं, कारण एसटीपीचा बिघाड रिपोर्टमध्ये यायच्या आधी शेवाळाला कळतो.

२. कागदपत्रं आणि परवानग्या

घरात वीस लिटरच्या जारमध्ये करणार असाल तर सेक्रेटरींना सांगून पाणी घेतलं की झालं. गच्चीवर टाकी टाकणार असाल तर हे लागेल:

- मॅनेजिंग कमिटीचं लेखी पत्र. तोंडी "हो हो करा" चालत नाही, कमिटी बदलली की पहिली तुमची टाकी जाते
- एसटीपी चालवणाऱ्या एजन्सीची संमती, आणि पाणी कोणत्या नळातून घ्यायचं ते त्यात लिहिलेलं
- एसटीपीचे मागच्या काही महिन्यांचे लॅब रिपोर्ट
- सोसायटीला प्रदूषण नियंत्रण मंडळाची जी संमती मिळालेली असते तिची झेरॉक्स, ट्रीटेड पाणी कुठे वापरायचं याच्या अटी त्यातच असतात
- गच्चीवर किती वजन चालेल याचं स्ट्रक्चरल इंजिनियरचं पत्र

शेवटचा कागद लोक टाळतात आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. एक सेंटीमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला दहा किलो. वापरातल्या गच्चीचं डिझाइन साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलोच्या भाराने केलेलं असतं, म्हणजे १५ सेंटीमीटर पाणी भरलं की तुम्ही त्या आकड्यापर्यंत पोचलात, टाकी, स्टँड आणि त्यावर उभी माणसं अजून धरलीच नाहीत. बिल्डिंग जुनी असेल, वरून गळती असेल, तर गच्चीचा विषय सोडा आणि खाली कंपाउंडमध्ये ऊन येणारी जागा बघा.

दुसरी गोष्ट डासांची. मुंबईत उघडं साचलेलं पाणी म्हणजे महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं येणारच आणि अळ्या सापडल्या तर नोटीस सोसायटीच्या नावाने येते. मलेरियाचा इथला डास, अॅनोफिलीस स्टीफेन्सी, गच्चीवरच्या टाक्यांमध्येच अंडी घालतो. टाकीवर बारीक मच्छरदाणीची जाळी कडेपर्यंत ताणून बसवा आणि पाणी दिवसरात्र हलतं ठेवा. तपासणीला आले तर स्वतः जाळी काढून दाखवा, चहा विचारा, वाद घालू नका.

३. सामान कुठून आणायचं

प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबचं काचसामान आणि केमिकल मिळतं, लोहार चाळीत इलेक्ट्रिकचं, नागदेवीला पंप, पाइप, फिटिंग. मत्स्यालयाचं सामान क्रॉफर्ड मार्केटला किंवा तुमच्या जवळच्या फिश टँकवाल्याकडे.

सुरुवातीला एवढं पुरे: फिश टँकचा एअर पंप आणि एअर स्टोन, पारदर्शक वीस लिटरचे दोन जार, पीएच मीटर आणि त्याची कॅलिब्रेशनची पावडर (ही पावडर न घेता नुसतं मीटर घेऊ नका, स्वस्तातलं मीटर थोड्याच दिवसांत वाट्टेल ते आकडे दाखवायला लागतं), फिश टँकसाठी मिळणारे अमोनिया, नायट्रेट आणि फॉस्फेटचे टेस्ट किट, क्लोरीन बघायचं किट, रबरी ग्लोव्ह्ज, एक साधा मायक्रोस्कोप. मायक्रोस्कोप चैन वाटते पण नाहीये, चारशे पट मोठं दिसलं पाहिजे, कॉलेजातून बाद झालेला जुना मिळाला तरी उत्तम. त्याच्याशिवाय तुम्ही नुसता हिरवा रंग बघत बसाल आणि आत काय चाललंय ते कळणार नाही.

वीज ओल्या जागी नेताय, तर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लगेच बंद करणारा स्विच) लावूनच. यात काटकसर नको.

४. पाणी: इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया

बहुतेक नवख्या लोकांचं शेवाळ इथेच मरतं आणि ते बियाण्याला दोष देतात.

एसटीपीत पाण्याचा प्रवास साधारण असा: आधी जाळी, मग इक्वलायझेशन टाकी (कमी-जास्त येणारं पाणी इथे एकसारखं होतं), मग हवा सोडलेली बायोलॉजिकल टाकी, मग गाळ खाली बसवायची टाकी, मग सँड फिल्टर, कार्बन फिल्टर आणि सगळ्यात शेवटी हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. काही ठिकाणी हायपो फिल्टरच्या आधीच टाकतात. ज्या नळातून माळी पाणी घेतो त्यात हायपो असतो, आणि हायपो जंतू मारायलाच टाकतात, शेवाळाला तो वेगळं समजत नाही.

म्हणून पाणी हायपोच्या आधी घ्या. सँड फिल्टरनंतर सॅम्पलिंगचा बारीक नळ असतो, तो उत्तम. ऑपरेटरशी दोस्ती करा, हा माणूस तुमच्या प्रोजेक्टमध्ये तुमच्याइतकाच महत्त्वाचा. आमच्याकडचे भैया रोज सकाळी हवेच्या टाकीतलं चॉकलेटी पाणी लिटरच्या उंच नळकांड्यात भरून ठेवतात आणि अर्ध्या तासाने गाळ किती खाली बसला ते वहीत लिहितात. ज्या दिवशी गाळ नीट बसत नाही, वर तरंगतो, वरचं पाणी गढूळ राहतं, त्या दिवशी मी पाणी घेत नाही. "भैया, आज कितना बैठा?" एवढं विचारलं की अर्धी टेस्ट झाली.

हायपोच्या नंतरचंच पाणी मिळत असेल तर क्लोरीन काढावा लागेल. दिवसभर उन्हात ठेवून हवा सोडणं हा नेहमीचा सल्ला, पण तो सांडपाण्याला पुरत नाही, कारण पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन त्याच्याशी जोडला जाऊन क्लोरामाइन होतं आणि ते असं सहज उडत नाही. फिश टँकवाल्यांकडे अँटिक्लोरीन मिळतं, ते सोडियम थायोसल्फेटच असतं. एक मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण सात मिलिग्रॅम थायोसल्फेटचे खडे लागतात. टाकल्यावर किटने पुन्हा तपासा, पिवळा रंग अजिबात यायला नको.

आता रिपोर्ट. केंद्राच्या २०१७ च्या नियमांत महानगरांतल्या एसटीपीसाठी लिटरला बीओडी (पाण्यात सेंद्रिय घाण किती उरली ते सांगणारा आकडा) २० मिलिग्रॅम, तरंगता गाळ ५० मिलिग्रॅम, पीएच ६.५ ते ९ आणि विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू शंभर मिलिलिटरला हजाराच्या आत अशा मर्यादा आहेत, आणि रिपोर्टमध्ये हेच सगळं असतं. पण त्या नियमांत नायट्रोजन आणि फॉस्फरसची मर्यादाच नाही. त्यामुळे आपल्याला जे दोन आकडे हवेत तेच रिपोर्टमध्ये बहुधा सापडत नाहीत. पुढच्या वेळी सॅम्पल जाईल तेव्हा लॅबला सांगून अमोनिया, नायट्रेट, एकूण नायट्रोजन आणि फॉस्फेट वाढवून घ्या, थोडे पैसे जास्त पडतात. रोजच्यासाठी किट.

आकडे कसे वाचायचे: वजनाने नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण साताला एकच्या आसपास असेल तर शेवाळाला दोन्ही सारखे पुरतात. घरगुती सांडपाण्यात फॉस्फरस बऱ्याचदा थोडा जास्तच असतो, साबण-डिटर्जंटची कृपा, म्हणजे आधी नायट्रोजन संपतो. घाबरू नका, आणि युरिया टाकून तो भरून काढायला तर जाऊच नका, पाण्यातला नायट्रोजन कमी करायला बसलोय आपण.

आणि एक, हात जोडून सांगते. पाणी नळातूनच घ्या. एसटीपीच्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडून वाकू नका, आत उतरायचा तर प्रश्नच नाही. त्यात हायड्रोजन सल्फाइड साचतो, एका श्वासात माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला जो उतरतो तोही. मुंबईत असे मृत्यू होत आलेत. सेफ्टीशिवाय कुणाला आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तुमच्या सॅम्पलसाठी ऑपरेटरलाही उतरवू नका.

५. बियाणं

दोन रस्ते आहेत. एक, शुद्ध कल्चर, म्हणजे एकाच जातीचं वेगळं वाढवलेलं शेवाळ. पुण्याला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम हे सूक्ष्मजीवांचं राष्ट्रीय भांडार आहे, दिल्लीला आयएआरआयमध्ये (भारतीय कृषी संशोधन संस्था) निळ्या-हिरव्या शेवाळाचं केंद्र आहे. अशा ठिकाणी कॉलेजच्या लेटरहेडवर मागणी केलेली बरी. घरगुती माणसाने जवळच्या कॉलेजच्या बॉटनी डिपार्टमेंटमध्ये जाऊन मॅडमना भेटावं, छोटी टेस्ट ट्यूब मिळून जाते. क्लोरेला किंवा सिनेडेस्मस मागा, दोन्ही साधी हिरवी शेवाळं आहेत. स्पिरुलिना मागू नका. तिला लिटरला सोळा-सतरा ग्रॅम खायचा सोडा असलेलं, पीएच दहाच्या आसपासचं पाणी लागतं, आपल्या एसटीपीच्या साध्या पाण्यात ती तग धरत नाही.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. एसटीपीच्या गाळ बसवायच्या टाकीवर जिथे उजेड पोचतो तिथे पाणी सांडून वाहतं त्या कडेला हिरवा थर धरलेला असतो. तो चमच्याने खरवडून बाटलीत घ्या. हे शेवाळ त्याच पाण्यात वाढलेलं, त्याच अमोनियाला आणि डिटर्जंटला सरावलेलं असतं. त्यात मिश्रण असतं, चार-चार पेशींच्या रांगा दिसतात ते सिनेडेस्मस, गोल एकेकटे हिरवे ठिपके क्लोरेलासारखे, काचेसारख्या होड्या म्हणजे डायटम. शुद्ध कल्चर उघड्या टाकीत तसंही शुद्ध राहत नाही, मग पहिल्या दिवसापासून तो अट्टाहास कशाला?

कुठलंही घ्या, थोडं मदर कल्चर, म्हणजे राखीव बियाणं, वेगळं ठेवा. उकळून गार केलेलं पाणी आणि लिटरला पाव ग्रॅम १९:१९:१९ खत, कापसाचं बूच, खिडकीतला उजेड, थेट ऊन नको. स्वयंपाकघरात ठेवू नका, मुलांच्या हाताला लागेल असं तर अजिबात नाही.

६. हळूहळू वाढवा

पाव लिटर, मग दोन लिटर, मग वीस, मग दोनशे. दर टप्प्याला नव्या पाण्याच्या निदान दहा टक्के बियाणं पडलं पाहिजे. थेट ट्यूबमधून टाकीत ओतलंत तर इतर जीव त्या ओळखीच्या पाण्यात आधी माजतात आणि तुमचं शेवाळ मागे पडतं. कॉलेजचं शुद्ध कल्चर असेल तर ट्रीटेड पाण्याची सवयही टप्प्याने लावा, आधी पाव भाग, मग अर्धा, मग पाऊण, मग पूर्ण. कोवळं, फिकट कल्चर कडक उन्हात ठेवलं तर रंग उडतो, दाट होईपर्यंत सावलीची हिरवी जाळी ठेवा.

७. टाकी आणि मोसम

निळे पिंप नको, उजेड आत जात नाही. गावाकडे अझोला वाढवायला जाड प्लॅस्टिकचे तयार बेड मिळतात, ते यासाठी झकास आहेत, उथळ असतात, घडी घालून ठेवता येतात. पाणी १५ सेंटीमीटरच्या आसपास ठेवा, गच्चीवर मात्र इंजिनियरच्या पत्रात बसेल तेवढंच. हलवायला छोटा पाण्यात बुडणारा पंप, प्रवाह एका दिशेने गोल फिरेल असा लावा, कोपऱ्यात पाणी थांबलं की तिथे गाळ कुजतो आणि वास तिथूनच सुरू होतो.

सुरुवात नोव्हेंबरमध्ये करा. ऑक्टोबर हीट उतरलेली असते, आकाश मोकळं असतं, पाणी पंचवीस-तीस डिग्रीत राहतं आणि क्लोरेलाला तेच हवं असतं. एप्रिल-मेमध्ये उथळ टाकीचं पाणी दुपारी पस्तिशीच्या वर जातं, तेव्हा जाळी हवीच, आणि बाष्पीभवनाने क्षार वाढतात म्हणून कमी झालेली पातळी ट्रीटेड पाण्याने न भरता साध्या पाण्याने भरायची. पावसाळ्याबद्दल शेवटी बोलू.

८. रोज काय बघायचं

पीएच सकाळी आणि संध्याकाळी. एवढी एकच टेस्ट करायची झाली तरी हीच करा. दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं म्हणून पीएच चढतो, सकाळी साडेसात असेल तर संध्याकाळी नऊ-साडेनऊसुद्धा दिसतो, आणि रात्री पुन्हा उतरतो. हा रोजचा चढ-उतार चालू आहे तोवर टाकी जिवंत आहे. ऊन स्वच्छ असताना संध्याकाळचा पीएच चढला नाही तर काहीतरी बिनसलंय, रंग हिरवा दिसत असला तरी.

पण इथे एक गोम आहे. पीएच नऊच्या वर गेला की अमोनियाचा मोठा भाग वायुरूप होतो (सव्वानऊला साधारण अर्धा) आणि हवेत उडून जातो, आणि फॉस्फेट कॅल्शियमशी जोडलं जाऊन पांढरा थर होऊन तळाशी बसतं. किटमध्ये दोन्ही आकडे झकास खाली येतात आणि आपण खूश की शेवाळाने सगळं खाल्लं. सगळं नाही खाल्लेलं. प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिणाऱ्या मुलांनी हे नक्की लिहावं, परीक्षक हाच प्रश्न विचारतात. शिवाय तो मोकळा अमोनिया जास्त झाला तर खुद्द शेवाळालाच मारतो, म्हणून ज्या एसटीपीच्या पाण्यात नायट्रेटपेक्षा अमोनियाच जास्त आहे तिथे पीएच साडेआठ-नऊच्या पुढे जायला लागला की ताजं पाणी घालून खाली आणा.

दाटपणा बघायला काठीला पांढरी बशी बांधून बुडवा आणि किती सेंटीमीटरवर दिसेनाशी होते ते लिहून ठेवा. पाणी दाट झालं की रोज किंवा एकाआड एक दिवस पाव ते एक तृतीयांश पाणी काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं. हे चक्र एकदा बसलं की टाकी बरेच दिवस निमूट चालते.

९. एका रात्रीत पाणी पारदर्शक झालं तर

रोटिफर. नाव लक्षात ठेवा. काल हिरवीगार टाकी आणि आज चहाच्या रंगाचं पाणी, तळाशी तपकिरी चुरा, असं झालं की थेंबभर मायक्रोस्कोपखाली घ्या. पारदर्शक पिशवीसारखा जीव, तोंडाशी दोन गरगर फिरणाऱ्या चकत्या, आणि पोटात तुमचं शेवाळ हिरव्या गोळ्यांसारखं स्पष्ट दिसतं. राग येतो पण बघायला सुंदर दिसतो, खोटं कशाला बोलू. कधी डॅफ्निया असतात, ते तर नुसत्या डोळ्यांनीही उड्या मारताना दिसतात.

एक-दोन दिसले तेव्हाच हालचाल करा. क्लोरेलाची पेशी दहा मायक्रॉनच्या आत असते आणि मोठे रोटिफर शंभर-दोनशे मायक्रॉनचे, म्हणून साठेक मायक्रॉनच्या बोल्टिंग कापडातून (बारीक, एकसारख्या भोकांचं जाळीचं कापड) पाणी गाळलं की शेवाळ खाली उतरतं आणि हे वर अडकतात. अंडी आणि पिल्लं सुटतात, तेव्हा दोन-तीन दिवसांनी पुन्हा गाळा. पूर्ण माजले असतील तर वाचवत बसू नका, टाकी रिकामी करून हायपोने धुवा आणि मदर कल्चरपासून पुन्हा.

दुसरी धोक्याची खूण म्हणजे वर ऑइल पेंट सांडल्यासारखा निळसर-हिरवा तवंग आणि मातकट कुबट वास. हे मायक्रोसिस्टिससारखं निळं-हिरवं शेवाळ असू शकतं, त्यातल्या काही जाती यकृताला विषारी असतात. ग्लोव्ह्जशिवाय हात घालू नका, कुत्र्या-मांजरांना पिऊ देऊ नका, हायपो टाकून मारा आणि ते पाणी एसटीपीच्या इनलेटला सोडा. कुठलंही पाणी पावसाच्या गटारात सोडायचं नाही, ते थेट समुद्राला जातं.

१०. पाण्यातून शेवाळ काढणं

इथे बहुतेक जण हात टेकतात. मलमलच्या कापडातून गाळायला जातात, आणि हिरवं पाणी वरून ओतलं की खालूनही हिरवंच पाणी पडतं. पाच मायक्रॉनची पेशी कापडाच्या भोकाला दाद देत नाही. शिवाय पेशींवर ऋण भार असतो, त्या एकमेकींना ढकलतात, म्हणून नुसतं ठेवून दिल्यावर पटकन खालीही बसत नाहीत.

त्यांना आधी एकत्र आणायचं. सोपा उपाय म्हणजे तुरटी. सहा सारख्या बाटल्या घ्या, प्रत्येकीत एक लिटर हिरवं पाणी, आणि ५० मिलिग्रॅमपासून ३०० पर्यंत पन्नास-पन्नासने वाढवत तुरटीचं द्रावण टाका. एक मिनिट जोरात ढवळा, दहा मिनिटं अगदी हळू, मग अर्धा तास हात लावू नका. एखाद्या बाटलीत हिरवे कापसासारखे पुंजके तयार होऊन खाली उतरतात आणि वर नितळ पाणी राहतं, तोच तुमचा डोस. त्याहून जास्त टाकून उपयोग नाही, उलट पीएच पडतो. हा डोस दर वेळी वेगळा निघतो, मागच्या वेळचा आकडा वापरू नका.

तुरटीचं अॅल्युमिनियम शेवाळात राहतं, म्हणून खत करायचं असेल तर मी चुन्याची निवळी वापरते. पीएच साडेदहा-अकरापर्यंत नेला की पाण्यातलं मॅग्नेशियम पुंजके होऊन बसतं आणि शेवाळाला सोबत घेऊन जातं. पुण्या-नाशिकच्या बोअरच्या जड पाण्यावर हे छान चालतं, मुंबईचं धरणाचं पाणी मऊ, त्यामुळे मॅग्नेशियम कमी पडलं तर थोडं एप्सम सॉल्ट आधी घाला. वरचं पाणी पीएच उतरवल्याशिवाय झाडांना घालू नका.

पुंजके झाल्यावर मग कापड चालतं. वरचं पाणी नळीने काढा, खालचा हिरवा रबडा कापडात टांगा, आणि त्याच दिवशी ट्रेमध्ये पातळ पसरून कडक उन्हात ठेवा. त्याच दिवशी, म्हणजे त्याच दिवशी. आपल्या दमट हवेत ओलं शेवाळ दुसऱ्या सकाळपर्यंत सुक्या बोंबलालाही लाजवेल असा वास मारायला लागतं आणि शेजारच्या काकूंचा फोन येतो. वाळलं की पापड मोडावा तसं कडकडीत मोडलं पाहिजे.

११. त्याचं करायचं काय

खायचं नाही. थोडंसं पावडर करून स्मूदीत, नाही. घरच्या खायच्या माशांना, नाही. कोंबड्यांना, नाही. जंतू वाळवून सगळे मरत नाहीत, आणि सांडपाण्यातले जड धातू, औषधांचे अंश शेवाळ स्वतःत साठवतं. बाजारात मिळणारी स्पिरुलिना वेगळ्या, स्वच्छ पाण्यात वाढवलेली असते, त्याच्याशी तुलना नको.

सोसायटीच्या कंपोस्टमध्ये मिसळा, सुक्या पानांसोबत, कारण नायट्रोजन भरपूर असतो. नाहीतर फुलझाडांना, शोभेच्या झाडांना थेट मूठभर. पालेभाजी, टोमॅटो यांना घालू नका. बायोगॅस असेल तर ओलंच टाकता येतं, वाळवायची कटकट वाचते. हाताळताना ग्लोव्ह्ज, नंतर साबणाने हात, पायाला जखम असेल तर त्या दिवशी काम दुसऱ्याला द्या, आणि टिटॅनस, टायफॉइड, हेपेटायटिस ए यांच्या लशींबद्दल फॅमिली डॉक्टरांना विचारून घ्या.

१२. पाऊस यायच्या आधी

मे संपता संपता शेवटची खेप काढा. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, १५ सेंटीमीटरची टाकी एका रात्रीत ओसंडून सगळं शेवाळ गच्चीच्या पन्हाळीतून खाली जाईल, आणि वर पारदर्शक पत्रा टाकला तरी जुलैच्या ढगाळ आठवड्यांत ऊनच नसतं. टाकी धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवा, नाहीतर त्यातच डास होतील. पंप गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवून मग गुंडाळा. मदर कल्चर घरातच राहू दे, दोन-तीन आठवड्यांनी त्यातलं थोडं नव्या उकळून गार केलेल्या खताच्या पाण्यात टाकत राहा, ढग फारच असतील तर एक पांढरी एलईडी ट्यूब बारा तास चालू ठेवा. बाटलीवर तारीख लिहा. ऑक्टोबरात पहिला दोन लिटरचा जार त्यातूनच भरायचाय.